२५ माणसं हॉलमध्ये, बाकीचे लिंकवर

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली अडखळ आणि मध्येच वाजलेली दाराची बेल काढून टाकली आहे. बाकी जसं बोललो तसं.)

आजचा भाग एका मेलमुळे होतोय. आपल्या एका श्रोत्या ताईंनी लिहिलंय की त्यांचं लग्न डिसेंबरमध्ये आहे, थोरला भाऊ अमेरिकेत आहे, व्हिसाचं स्टॅम्पिंग अडकलंय, आणि आता तो इथे आला तर परत जाता येईल की नाही याची खात्री नाही. त्यांनी विचारलंय, "तू एका भागात तुझ्या ताईच्या ऑनलाइन लग्नाचा उल्लेख केला होतास. ते नक्की कसं केलं? आम्हाला करता येईल का?"

मी त्यांना मेलवर उत्तर लिहायला बसलो आणि ते फारच लांबलं. मग म्हटलं, बोलूनच टाकू.

आधी एक गोंधळ दूर करतो. 'व्हर्च्युअल लग्न' हा शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींना वापरतो. एक म्हणजे नवरा-नवरी एका जागी आणि पाहुणे लांब. दुसरी म्हणजे नवरा-नवरीच दोन वेगळ्या देशांत. पहिलीला कायद्याची काहीच अडचण नाही. दुसरीला बरीच आहे. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्याच्या सातव्या कलमात म्हटलंय की जिथे विधींमध्ये सप्तपदी आहे तिथे सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण होतो, आणि ही पावलं दोघांनी मिळून अग्नीसमोर टाकायची आहेत. एक जण पुण्यात आणि एक जण टेक्सासमध्ये, असं करून ते कसं जमणार? २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं तर स्पष्टच सांगितलं की विधी झालेच नसतील तर नुसत्या नोंदणीच्या सर्टिफिकेटनं हिंदू विवाह होत नाही. स्पेशल मॅरेज ॲक्टमध्ये ३० दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार आणि मॅरेज ऑफिसरसमोर हजेरी लागते. त्यात कोविडच्या काळात केरळ हायकोर्टानं आणि २०२२ मध्ये मद्रास हायकोर्टानं व्हिडिओवरून हजेरी चालवून घेतली होती. पण ती माणसं कोर्टात गेली म्हणून, खिडकीवर जाऊन मागितलं आणि मिळालं असं नाही. अमेरिकेतली युटा काउंटी व्हिडिओवर लग्न लावून सर्टिफिकेट देते, जगभरातली जोडपी ते घेतात. मात्र खुद्द अमेरिकेचा इमिग्रेशन कायदा असं, दोघं समोरासमोर नसताना लागलेलं लग्न, पुढे दोघांचं वैवाहिक आयुष्य प्रत्यक्ष सुरू झाल्याशिवाय धरत नाही. तेव्हा त्या वाटेनं जायचं तर आधी वकील गाठा, माझा पॉडकास्ट नको.

आणि ते मेटाव्हर्सवालं लग्न आठवतंय का? २०२२ च्या फेब्रुवारीत तामिळनाडूतल्या जोडप्याचं? वधूच्या वडिलांचं निधन झालं होतं, तर त्यांचा अवतार तिथे आशीर्वाद द्यायला उभा केला होता. बातमी सगळीकडे 'मेटाव्हर्समध्ये लग्न' अशी आली. पण त्यांनीही लग्न गावातच, नेहमीसारखं लावलं होतं. मेटाव्हर्समध्ये होतं ते रिसेप्शन.

आमचं पहिल्या प्रकारातलं. ताई आणि भावोजी दोघंही पुण्यातच. २०२१ चा मे महिना.

ज्यांना विसरायला झालंय त्यांना आठवण करून देतो. त्या वर्षी २२ एप्रिलपासून राज्यात 'ब्रेक द चेन'चे कडक नियम लागले. लग्नासाठी एकच हॉल, एकच कार्यक्रम, दोन तास आणि एकूण २५ माणसं. मोडलात तर ५० हजार दंड. जिल्हा ओलांडायचा तर ई-पास. आमची तारीख फेब्रुवारीत ठरली होती, तेव्हा बाबांच्या वहीत ३४० नावं होती. ३४०! त्यातली २५ ठेवायची.

पुढे ढकलायचं का, हा प्रश्न घरात दोन दिवस चालला. ताईनं तो संपवला. ती म्हणाली, "मागच्या वर्षी ढकललंच होतं ना? मी आता नाही थांबत." खरं होतं. २०२० च्या मेमधली तारीख एकदा गेलेली होतीच.

मग बाबा माझ्याकडे वळले. "तू इंजिनिअर आहेस ना? मग बघ ते ऑनलाइनचं." मला नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालेलं. मी बँकेच्या एका सिस्टिमचं बॅकएंड लिहायचो, व्हिडिओशी माझा संबंध फक्त बघण्यापुरता. पण आपल्याकडे कसं असतं, कॉम्प्युटरचं शिकलाय म्हणजे प्रिंटरसुद्धा यायला पाहिजे.

२५ ची यादी करताना बाबांनी भटजी, फोटोवाला आणि दोन आचारी धरूनच मोजलं. "एकूण म्हणजे एकूण," असं त्यांचं म्हणणं. नवरा-नवरी, चारही आईवडील, असे सगळे वजा केल्यावर आमच्या बाजूला उरले आठ. आठांत आत्या, मावशा, काका बसवायचे. त्या रात्री बाबांनी यादी तीनदा लिहिली आणि तीनदा फाडली. चौथ्यांदा आईनं लिहिली, आणि त्यात दोन नावं नव्हती जी असायलाच हवी होती. एक आजी. एक मामा.

आजी, म्हणजे बाबांची आई, संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीत. वय ७८. तिला त्या परिस्थितीत आणायचं नाही हे तिनंच सांगितलं होतं. ताई तीन वर्षांची होईपर्यंत तिच्याजवळच वाढलेली, त्यामुळे हे ताईला सगळ्यात जास्त लागलं. मामा मस्कतला. एप्रिलच्या अखेरीस ओमाननं भारतातून येणाऱ्यांना बंदी घातली. म्हणजे तो इकडे आला असता तर नोकरीवर परत जाता आलं नसतं. अगदी तुमच्या भावासारखंच, ताई. आणि आपल्याकडे मामाशिवाय मुलगी बोहल्यावर येते कशी? मामानं हात धरून आणायचं, अंतरपाटामागे तिच्या पाठीशी उभं राहायचं.

तर मी कामाला लागलो. पहिली चूक केली ती म्हणजे सगळ्यांना एकच लिंक द्यायची ठरवली. झूमची. घरच्या घरी तालीम घेतली, ३० जणांची. एका काकांकडे बातम्या चालू, एकीकडे कुकरच्या शिट्ट्या, आणि प्रत्येक जण दुसऱ्याला सांगतोय, "म्यूट करा, म्यूट करा." इंदूरच्या आत्यानं स्वतः रचलेलं मंगलाष्टक म्हणून दाखवलं. छान म्हटलं. शेवटी सगळ्यांनी एकत्र 'सावधान' म्हणायचं, तर ते 'सा... धान... सावध... न... न' असं दीड-दोन सेकंद नुसतं विखुरलं. झूम एका वेळी एकाचाच आवाज पुढे ओढतं, बाकीचे दाबतं. ते बैठकीसाठी बनवलंय, आणि बैठकीत सगळ्यांनी एकदम गायचं नसतं. आणखी गंमत म्हणजे मी सनईचं रेकॉर्डिंग लावलं तर पलीकडे काहीच ऐकू जाईना. सनई त्याला गोंगाट वाटत होती! सेटिंग्जमध्ये 'ओरिजिनल साउंड' नावाचा पर्याय असतो, तो चालू केल्यावर सनई गेली. हा एवढा पर्याय लिहून ठेवा, बाकी काही नाही केलंत तरी चालेल.

दुसऱ्या तालमीपर्यंत दोन भाग केले. ज्यांना विधीत काही बोलायचं, म्हणायचं, करायचं आहे अशी १२ घरं झूमवर. बाकी सगळे युट्यूबवर, अनलिस्टेड लिंक, फक्त बघायचं. फोटोवाल्याच्या कॅमेऱ्यातून वायर काढून कॅप्चर कार्डमधून लॅपटॉपला, तिथे ओबीएस नावाचं फुकट सॉफ्टवेअर, तिथून युट्यूब. दुसऱ्या लॅपटॉपवर झूम. गुरुजींना कॉलर माइक. लोक चित्राच्या मागे लागतात, मीही लागलो होतो, पण चित्र धूसर झालं तर माणसं बघत राहतात, आवाज गेला की उठून जातात. निम्मी तयारी आवाजाची ठेवा.

युट्यूबबद्दल एक धोक्याची सूचना. चॅनलवर पहिल्यांदा लाइव्ह करायचं असेल तर ते चालू व्हायला २४ तास लागू शकतात. आदल्या रात्री कळलं तर बसाल डोकं धरून. मला दोन दिवस आधी कळलं, तेही नशिबानं. आणि सिनेमाची गाणी मागे लावू नका, कॉपीराइटच्या भानगडीत लाइव्ह मध्येच बंद पडू शकतं.

हॉलच्या वायफायवर विसंबायचं नव्हतं, म्हणून दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं घेऊन त्याच हॉलमध्ये, त्याच वारी, त्याच वेळेला जाऊन स्पीड मोजला. मोजायचा तो अपलोडचा बरं का, डाउनलोडचा नाही. बाबांच्या फोनवर ६ एमबीपीएस, माझ्या फोनवर ३. ७२० पिक्सेलच्या चित्राला अडीच पुरतात. म्हणून बाबांचा फोन मुख्य हॉटस्पॉट आणि माझा राखीव. हे लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

याहून जास्त वेळ गेला तो पलीकडच्या टोकावर. इकडून पाठवणं एक वेळ सोपं, पण १४० घरांत ते उघडायचं कोणी? लोकांचे पॅक रोजच्या दीड जीबीचे. सकाळपासून नातवंडांचे ऑनलाइन क्लास आणि कार्टून झालं की दुपारी लग्नाला काय उरणार? मी प्रत्येक घरातला एक माणूस ठरवला, शक्यतो पंधरा ते वीस वयाचा, आणि त्याला तीनच गोष्टी सांगितल्या: सकाळी डेटा वापरू देऊ नकोस, चित्र ४८० वर ठेव, अडकलं तर मला फोन करू नकोस, पान पुन्हा उघड. यातली तिसरी सूचना कोणीच पाळली नाही.

आईनं वेगळंच काम काढलं. तिनं कुंकू लावलेल्या अक्षतांच्या पुड्या केल्या, सोबत दोन-दोन बेसनाचे लाडू, आणि लिंकचा क्यूआर कोड छापलेली पत्रिका. सगळं दहा दिवस आधी स्पीड पोस्टानं. मला तेव्हा ते फार महत्त्वाचं वाटलं नव्हतं. चूक होती. हातात अक्षता असल्या की माणूस टाकायची वाट बघतो, आणि वाट बघणारा माणूस मध्येच उठून चहा ठेवायला जात नाही.

मग १६ मेला तौक्ते आलं.

ते वादळ गुजरातेत जाऊन धडकलं, पण जाताना रत्नागिरीच्या किनाऱ्याला लागून गेलं. आमच्या वाडीत विजेचे खांब आडवे. फणस पडला तो गोठ्यावर. लग्नाला आठवडा राहिलेला आणि आजीकडे वीज नाही, टॉवर अधूनमधून जिवंत. चुलतभावानं बातमी दिली, "सड्यावर गेलं तर फोन लागतो. नेट नाही मिळत." मी आजीसाठी घेतलेला टॅब तिच्या कपाटात. चार्जच नाही.

आता काय करणार? साधा फोन. चुलतभावानं आजीला स्कूटरवर मागे बसवून सड्यावर न्यायचं, आंब्याच्या सावलीत खुर्ची टाकायची आणि आईच्या फोनवर कॉल लावायचा. आईनं तो स्पीकरवर टाकून बोहल्याजवळ ठेवायचा. बस. माझ्या सगळ्या रचनेत हे बसतच नव्हतं आणि मला त्याची लाज वाटत होती. आजी म्हणाली, "अरे, तिचा चेहरा काय मी बघितला नाही होय? ऐकू आलं म्हणजे झालं."

लग्नाचा दिवस. मुहूर्त १२ वाजून १७ मिनिटांचा. मला एका गोष्टीची आधीपासून मजा वाटत होती. पूर्वी मुहूर्त साधायला घटिकापात्र असायचं, तळाला बारीक भोक असलेलं तांब्याचं भांडं, पाण्यात ठेवलं की २४ मिनिटांत भरून बुडायचं. सगळ्या मांडवाचा क्षण एक. आमच्याकडे अंतरपाट दूर झाला तो हॉलमध्ये १२:१७ ला, झूमवर अर्ध्या सेकंदानं, आणि युट्यूबवर जवळजवळ २० सेकंदांनी. नागपूरकर अक्षता टाकत होते तेव्हा इकडे हार घालून झाले होते. आणि सगळ्यात आधी, हॉलच्या अगदी बरोबरीनं 'सावधान' कोणाला ऐकू आलं असेल? सड्यावर. साध्या फोनला लागणारा वेळ इंटरनेटच्या सगळ्या प्रकारांपेक्षा कमी निघाला. चुलतभावानं नंतर सांगितलं, आजीनं पहिल्या अक्षता टाकल्या त्या फोनवरच.

मामासाठी ताईच्या मागे एका उंच स्टुलावर टॅब ठेवला होता. मस्कतची वेळ आपल्या दीड तास मागे, म्हणजे तिकडे पावणेअकरा. कामाचा दिवस, रजा काढून फेटा बांधून बसला होता. बसला होता असं आम्हाला वाटत होतं. नंतर मामी म्हणाली, तो सगळी मंगलाष्टकं होईपर्यंत उभा होता.

हे सगळं मी तुम्हाला सांगतोय, पण मी यातलं बघितलं का? नाही. मी बोहल्यापासून दहा फुटांवर दोन लॅपटॉपसमोर पाठमोरा होतो. माझ्यासमोर होता बिटरेटचा आकडा, ड्रॉप झालेल्या फ्रेम्स, आणि १२ खिडक्या. अंतरपाट दूर झाला तेव्हा मी भावोजींच्या एका काकूंना म्यूट करत होतो. ताईनं हार घातला ते मी स्क्रीनवर पाहिलं, उजव्या कोपऱ्यात, लहान आकारात. गुरुजींनी होमासाठी पंखा बंद करायला लावला, त्यानंतर लॅपटॉप तापायला लागला म्हणून मी पत्रिकेनं त्याला वारा घालत होतो. बहिणीच्या लग्नात.

मग लाजाहोम आला. नवरीच्या भावानं तिच्या ओंजळीत लाह्या घालायच्या असतात. भाऊ म्हणजे मीच, दुसरा कोण आहे? मावशीच्या मुलाला, नववीतला तो, खुर्चीत बसवलं, "कशाला हात लावू नको" म्हटलं आणि गेलो.

बोहल्याजवळ बसलो तर एकदम वेगळंच. धुराचा वास, ताईच्या मेंदीचा वास. दोन तासांत पहिल्यांदा मी तिच्याकडे नीट बघितलं. ती रडून झालेली होती आणि मला ते माहीतच नव्हतं. फोनमधून आजीचा आवाज आला, मोठ्यानं, कारण तिला वाटतं लांबच्या फोनवर मोठ्यानंच बोलायचं असतं, "लाह्या कोण घालतंय?" मी म्हटलं, "मीच आहे आजी." "मग ठीक," म्हणाली.

त्यानंतर कानपिळी. भावोजींचा कान पिळला, त्यांनी हातात पाकीट ठेवलं, सगळे हसले. आणि तेवढ्यात मला मावशीचा मुलगा दिसला. दोन्ही हात वर करून हलवत होता.

नंतर कळलं ते असं. बाबांचा फोन जुना. त्यावर कॉल आला की तो डेटा सोडून जुन्या नेटवर्कवर जायचा. कोणातरी काकांचं चित्र क्षणभर अडकलं म्हणून त्यांनी बाबांना फोन केला. फोन आल्यावर हॉटस्पॉट बंद. हॉटस्पॉट बंद म्हणून सगळ्यांचंच चित्र अडकलं. मग सगळ्यांनी बाबांना फोन केला. एक कॉल संपून डेटा यायच्या आत दुसरा कॉल. स्वतःच स्वतःला पाडणारी इतकी सुबक सिस्टिम मी ऑफिसातसुद्धा पाहिलेली नाही. आणि राखीव हॉटस्पॉट? तो माझा फोन. माझ्या कुडत्याच्या खिशात, लॉक केलेला.

हात हलवणारा मुलगा दिसला तेव्हा मला हे कारण माहीत नव्हतं, पण लाइव्ह गेलंय हे कळलं. दहा फुटांवर लॅपटॉप. अर्ध्या मिनिटाचं काम. गुरुजी म्हणाले, "आता सप्तपदी. भाऊ, बसा, उठू नका."

मी उठलो नाही.

खोटं सांगत नाही, गुरुजींनी सांगितलं म्हणून नाही. उठावंसं वाटलं नाही म्हणून. तांदळाच्या सात राशी, ताईचा पाय एकेक राशीवर, भावोजींचा हात तिच्या हातात. सातवं पाऊल. मगाशी कायद्याचं कलम सांगितलं ना, ज्या क्षणी विवाह पूर्ण होतो तो हाच. ते मी बघितलं, डोळ्यांनी, स्क्रीनशिवाय. हॉलमधल्या २५ जणांनी बघितलं, आणि आजीनं ऐकलं, कारण ती आईच्या फोनवर होती. युट्यूबवरच्या १४० घरांनी सात मिनिटं एक गोल फिरणारं चक्र बघितलं. झूमही त्याच हॉटस्पॉटवर होतं, म्हणजे मामाचीही सप्तपदी गेली.

लाइव्ह पुन्हा सुरू केलं तेव्हा सगळे पाया पडत होते. चॅटमध्ये ६० प्रश्नचिन्हं. इंदूरच्या आत्यानं चार दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. तिचं मंगलाष्टक व्यवस्थित गेलं होतं, तरीही. "एवढं तेवढं सगळं दाखवलंस, आणि मुख्य तेच नाही," असं ती अजून म्हणते. मी तिला खरं कारण सांगितलेलं नाही. नेटवर्क गेलं, एवढंच सांगितलंय. आत्या हा पॉडकास्ट ऐकत नाही, म्हणून इथे बोलतोय.

मामा काहीच बोलला नाही. मला त्याचंच जास्त वाटलं. ज्यानं तेवढा वेळ उभं राहून काढला, त्याच्यासाठी मी दहा फूट गेलो नाही. आणि तरी, पुन्हा तीच वेळ आली तर मी उठेन का? मला नाही वाटत. दोन्ही खरं आहे.

तर ताई, तुमच्या मेलचं उत्तर.

करता येईल. तुमच्याकडे ३४० पाहुण्यांचा प्रश्न नाही, एका भावाचा आहे. त्यामुळे यातलं निम्मं तुम्हाला लागणारच नाही. युट्यूब सोडा. भावासाठी एक टॅब, एक चार्जर, त्याचा स्वतःचा वेगळा हॉटस्पॉट, आणि ज्या फोनवरून हॉटस्पॉट आहे त्याचा नंबर कोणालाही देऊ नका. नवीन सिम घ्या सरळ. टॅब सावलीत ठेवा, उन्हात तापून बंद पडतो. अमेरिकेत तेव्हा रात्र असेल, त्याला आधी झोप काढायला सांगा. लाह्या तो घालू शकणार नाही, तिथे तुमचा चुलत किंवा मावसभाऊ बसेल, ते चालतं, गुरुजींना आधी विचारून ठेवा. पण कानपिळीचं पाकीट त्याला यूपीआयवर पाठवायला भावोजींना सांगा, तिथे सोडायचं नाही.

आणि तो टॅब ज्याच्या हातात द्याल तो घरचा नको. कॉलेजातला कोणी ओळखीचा मुलगा शोधा, त्याला पैसे द्या, जेवायला घाला. घरचा माणूस तिथे बसवलात तर तो दिवसभर हॉलमध्ये असेल आणि संध्याकाळी तुम्हाला विचारेल, लग्न कसं झालं. नाहीतर माझ्यासारखा ऐन वेळी खुर्चीवर जाणार नाही.

नोंदणीचं राहिलं. लग्न झाल्यावर ९० दिवसांच्या आत करून टाका, तीन साक्षीदार लागतात. आमच्या वेळी तिघांनाही कचेरीत जाऊन सह्या कराव्या लागल्या, लिंकवर बघितलेला चालला नाही.

सप्तपदीचं चित्रीकरण फोटोवाल्याच्या कार्डावर होतंच. मी आठ दिवसांनी ते वेगळं कापून युट्यूबवर टाकलं आणि सगळ्या ग्रुपवर लिंक पाठवली. कालपर्यंत ते ३१ वेळा बघितलं गेलंय. त्यातले निम्मे तरी मस्कतहून असावेत, असा माझा अंदाज. आजीनं तिसरं मंगलाष्टक गुरुजींनी गाळलं अशी तक्रार त्याच दिवशी केली होती. रेकॉर्डिंग ऐकून तपासलं. खरंच गाळलं होतं.

चला, थांबतो. तुमच्या घरात असं काही केलं असेल तर लिहून पाठवा, बिघडलेलं असेल तर आधी पाठवा. भेटू पुढच्या भागात.